कोर्टात उघडं पडलेलं संशोधन : स्टडी ३२९

शोधनिबंध छापून आला म्हणजे त्यातलं सगळं तपासलेलंच असणार, असं आपण पीएचडीच्या पहिल्या वर्षी बिनधास्त धरून चालतो. मीही चालायचे. ‘स्टडी ३२९’ वाचलं आणि ती सवय मोडली. तुम्ही संशोधनात येण्याआधीच ही गोष्ट वाचलेली बरी.

पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध. अमेरिकेत ते पॅक्सिल या नावाने विकलं जायचं. किशोरवयीन मुलांवर ते कितपत चालतं हे पाहण्यासाठी कंपनीने २७५ मुलांवर चाचणी घेतली. ९३ जणांना पॅरोक्सेटिन, ९५ जणांना इमिप्रामिन हे जुनं औषध आणि ८७ जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. २००१ साली २२ लेखकांच्या नावाने निबंध आला. निष्कर्ष काय, तर औषध गुणकारी आणि मुलांना सोसणारं.

आता दोन गोष्टी नीट पाहा.

पहिली : यश कशाने मोजायचं हे चाचणीच्या आराखड्यात आधीच ठरलं होतं. त्या दोन मुख्य निकषांवर पॅरोक्सेटिन प्लासिबोपेक्षा सरस ठरलंच नाही. निबंधात मात्र दुसरेच निकष पुढे आले. बाण आधी मारायचा आणि मग त्याभोवती वर्तुळ काढायचं, तसं हे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. काही मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार आले, काहींनी स्वतःला इजा केली. या नोंदी ‘इमोशनल लॅबिलिटी’, म्हणजे भावनिक अस्थिरता, अशा मोघम शीर्षकाखाली गेल्या. तक्ता वाचणाऱ्या डॉक्टरला त्यातून धोका कसा कळणार?

जून २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने ग्लॅक्सोस्मिथक्लाइनवर प्रतिकूल माहिती दडवल्याचा दावा लावला. ऑगस्टमध्ये तडजोड झाली : २५ लाख डॉलर, शिवाय चाचण्यांचे निकाल जाहीर करण्याची अट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एफडीएने नैराश्यावरच्या सगळ्या औषधांवर मुलांमधल्या आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक चौकटीतला इशारा सक्तीचा केला. २०१२ मध्ये याच कंपनीने ३०० कोटी डॉलर भरले. त्या प्रकरणात इतर औषधंही होती, पण १८ वर्षांखालील मुलांसाठी पॅक्सिलचा बेकायदा प्रचार हा त्यातला एक गुन्हा कंपनीने कबूल केला.

दंडापेक्षा आपल्या कामाची आहे ती निकाल जाहीर करण्याची अट. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी मूळ नोंदी उघडून याच चाचणीचं पुन्हा विश्लेषण केलं आणि ते बीएमजेमध्ये छापलं. चाचणी तीच, मुलं तीच, निष्कर्ष उलटा : फायदा दिसत नाही, अपाय दिसतो.

म्हणजे शास्त्राने जे काम स्वतः करायला हवं होतं, त्यासाठी आधी कोर्टाची पायरी चढावी लागली.

भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या नोंदवहीत दिसतात, २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. पुढचा निबंध वाचताना तिथली मूळ नोंद उघडा आणि निकष जुळतात का बघा. आणि उद्या तुमच्या स्वतःच्या एक्सेल शीटमध्ये एखाद्या माणसाच्या त्रासाला कोड द्यायची वेळ आली, तर त्याने सांगितलेले मूळ शब्द शेजारच्या रकान्यात ठेवा. कोड चुकला तरी कुणालातरी तो नंतर दुरुस्त करता येईल.

जाता जाता : हे वाचून कुणी चालू गोळ्या अचानक बंद करू नका. डॉक्टरांशी बोला.