हिमवादळाची स्मृती

अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का आणि डकोटा हे विस्तीर्ण मैदानी प्रदेश आहेत. १२ जानेवारी १८८८ रोजी तेथील सकाळ उबदार होती. कडाक्याच्या थंडीनंतर आलेली ती ऊब पाहून शेतकरी निर्धास्तपणे कामास लागले आणि अनेक मुले जाड कोट न घालताच शाळेत गेली. पुढे वायव्येकडून अकस्मात हिमवादळ आले. पिठासारख्या बारीक बर्फाने समोरचे काहीही दिसेना. घरापासून गोठ्यापर्यंत जातानाही माणसे वाट चुकली. सुमारे २३५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. म्हणूनच इतिहासात ते ‘बालकांचे हिमवादळ’ म्हणून ओळखले जाते.

त्या दुपारी शिक्षकांसमोर कठीण प्रश्न होता: मुलांना शाळेतच ठेवावे की घरी न्यावे? शाळेत राहावे तर सरपण अपुरे, बाहेर पडावे तर वाट दिसत नाही. नेब्रास्कातील मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या मातीच्या शाळेचे छप्पर वाऱ्याने उडाले. तिने सर्व मुलांना एकत्र ठेवून जवळच्या शेतघरी सुखरूप पोहोचविले.

पुढे वाचलेली मुले वृद्ध झाली. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी आपले मंडळ स्थापून आठवणी जमविल्या; १९४७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. जे परतले नाहीत, त्यांचीही कथा त्यामुळे उरली. घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी वेळीच लिहून ठेवाव्यात, त्या याचसाठी.