काच बदलली, मासे का मेले?

चार फूट लांब आणि दोन फूट खोल पाण्याचा फिशटँक घेतला, तर त्याच्या समोरच्या एका काचेवर पाण्याचा जोर सुमारे सव्वादोनशे किलो वजनाइतका असतो. हा जोर काचेची लांबी आणि पाण्याची खोली यांवरच ठरतो. काचेमागे फूटभर पाणी असो की किलोमीटरभर, आकडा बदलत नाही. म्हणूनच मोठ्या टँकच्या काचेला तडा गेला की तो भेगेचा नव्हे, दाबाचा प्रश्न होतो. पहिला मोह असतो बाहेरून सिलिकॉनचा पट्टा ओढण्याचा. तो फार दिवस टिकत नाही, कारण पाणी आतून बाहेर ढकलते आणि बाहेरचा पट्टा त्याच जोराने सुटत जातो. तड्याच्या टोकाशी ताण एकवटलेला असतो, त्यामुळे तडा पुढे सरकत राहतो तो वेगळाच. काम जाणणारा माणूस टँक रिकामा करतो आणि पूर्ण काच बदलतो. बदलणे शक्यच नसेल तर तड्यापेक्षा बरीच मोठी काच आतल्या बाजूने बसवतो, म्हणजे पाणीच तिला जागेवर दाबून धरते. जुने सिलिकॉन ब्लेडने खरवडून अॅसिटोनने पुसावे लागते, कारण जुन्यावर नवे नीट धरत नाही. नवे सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो पुरता जाईपर्यंत थांबावे लागते. बाथरूमसाठी मिळणारे बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन इथे चालत नाही, ते माशांना विष ठरू शकते. मग टँक ओसरीवर भरून ठेवायचा आणि एक-दोन दिवस नुसते पाहायचे.

एवढे सगळे चोख केले, टँक घासूनपुसून लख्ख केला, नळाचे ताजे पाणी भरले, मासे सोडले आणि आठवड्याभरात मासे उलटे तरंगू लागले, असे पुष्कळदा होते. दोष काचेचा नसतो. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. टँकमधल्या खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ती मोडायला क्लोरीनच्या पाण्याची एक धुलाई पुरते. म्हणून शहाणा दुरुस्ती करणारा काचेला हात लावण्याआधी जुने पाणी पिंपात काढतो आणि स्पंज त्यात ओला ठेवतो. पाणी धरणारे भांडे दुरुस्त करणे हे एक काम आणि त्या पाण्यातले जगणे पुन्हा उभे करणे हे दुसरे. पहिल्यावर सगळे लक्ष लावले तर दुसरे त्याच हातांनी बिघडते. हे इतके लांबवून सांगायचे कारण असे की गोंदिया जिल्ह्यात, नागझिऱ्याच्या जंगलाभोवतीच्या गावांत, हीच चूक शेकडो एकरांच्या मापाने होत आली आहे.

नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगावसह व्याघ्र प्रकल्पात आले. पर्यटक तिथे वाघ शोधत जातात. हा मुलूख मात्र तलावांचा आहे. अभयारण्यात नागझिऱ्याचा स्वतःचा तलाव आहे, प्रवेशद्वाराशी ब्रिटिश काळातला चोरखमारा आहे आणि दक्षिणेला सात टेकड्यांच्या कुशीत नवेगावबांध. तो अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. ऊस आणि धान पिकवणाऱ्या कोहळी समाजाची तलाव बांधण्यातली हातोटी इंग्रज अधिकारी रसेल यानेही १९१६ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले म्हणून माजी मालगुजारी, आणि बोलण्यात 'मामा तलाव'. तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. आज मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे आहेत. मालगुजारी गेली ते बरेच झाले, तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर पावसाळ्याआधी पाळीवरून फिरून बिळे बुजवण्याची गावाची जबाबदारीही गेली. मालक बदलला आणि राखणदार उरला नाही.

तलावाची पाळ म्हणजे मातीची काच. पाळीशी चार मीटर पाणी असेल तर दर मीटर लांबीला सुमारे आठ टन जोर पडतो. पाळ झिरपते यात भिण्यासारखे काही नाही, मातीची प्रत्येक पाळ थोडीफार झिरपतेच. पाहायचे ते झिरपणाऱ्या पाण्याचा रंग. नितळ पाणी येत असेल तर वाट पाहता येते. गढूळ येऊ लागले, तर पाणी पाळीच्या पोटातली माती घेऊन निघाले आहे. खेकड्याच्या बिळाएवढी वाट मग काही तासांत बोगद्याएवढी होऊ शकते. अशा वेळी बाहेरच्या अंगाने मुरूम किंवा सिमेंट ठासणे हा तोच सिलिकॉनचा पट्टा. पाणी आत कोंडते, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटते. इलाज पाण्याच्या बाजूला करावा लागतो. चिकणमाती पातळ थरांनी, योग्य ओल ठेवून, धुमसून बसवायची. बाहेरच्या पायथ्याशी वाळू आणि खडीचा गाळणीसारखा थर द्यायचा, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी, जिथे पाळीतून आरपार जाते ती जागा सर्वांत नाजूक. दगड आणि माती यांच्या सांध्यातून पाणी वाट काढते. ही विद्या सगळ्या अभियंत्यांना ठाऊक आहे. अडचण विद्येची नाही, दुरुस्तीच्या कल्पनेची आहे.

दुरुस्तीही निरुपद्रवी नसते, हे एका प्रसिद्ध दुर्घटनेवरून कळते. बर्लिनमधल्या हॉटेलातला अॅक्वाडोम हा उंच अॅक्रिलिकचा दंडगोल १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटला. सुमारे दहा लाख लिटर पाणी आणि दीड हजार मासे रस्त्यापर्यंत वाहून गेले. थोड्याच वर्षांपूर्वी तो रिकामा करून त्याचे नूतनीकरण झालेले होते. चौकशीत एक ठाम कारण निघाले नाही, पण तज्ज्ञांनी ज्या शक्यता मांडल्या त्यांत जोडाच्या दोषाबरोबरच नूतनीकरणाच्या काळात झालेली इजा आणि अॅक्रिलिक कोरडे पडणे याही होत्या. मातीच्या पाळीला तर कोरडे पडणे हमखास बाधते. चिकणमाती वाळली की तडकते. तलाव फोडून वर्षभर कोरडा ठेवला आणि पाळ उघडी पडली, की पहिल्या भरावात जुन्या भेगा पाणी शोधते.

गाळाचेही तसेच. गाळ काढला की साठा वाढतो आणि तो गाळ धानाच्या बांध्यांत टाकला की जमीन सुधारते. २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेचा आधार हाच आहे आणि तो खोटा नाही. पण तळाचा बारीक गाळ हे तलावाचे अस्तरही असते. जेसीबी मुरुमापर्यंत पोहोचला की तळ झिरपू लागतो. पाळीच्या पायथ्याशीच खोल खणले तर पाळीचा आधार जातो. आणि खड्ड्याच्या कडा उभ्या ठेवल्या, घनमीटर भरण्यासाठी बहुधा तशाच ठेवल्या जातात, तर कमरेएवढ्या पाण्याचा उथळ पट्टा नाहीसा होतो. तलावाचे जगणे त्याच पट्ट्यात असते. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, कुमुद, रानधान या वनस्पती तिथे मुळे धरतात. मासे त्यांच्यात अंडी घालतात आणि पिले त्यांच्या आडोशाने वाचतात. महाराष्ट्रात जे मोजके सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया परिसरात, आणि त्यांनाही चरायला उथळ पाणीच लागते. फिशटँकच्या ओल्या स्पंजचे काम इथे हा पट्टा करतो.

याच पट्ट्यावर आणखी दोन घाव बसले. दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम ही वनस्पती काठाकाठाने पसरली. तिचा तुकडा पडला तरी रुजतो, आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत. दुसरा घाव उत्पादन वाढवण्याच्या सदिच्छेतून आला. रोहू, कतला, मृगळ यांचे बीज तलावांत सोडले जाऊ लागले, पाठोपाठ गवत्या कार्प आणि कॉमन कार्प आले. पहिले तीन मासे वाहत्या नदीत अंडी घालतात. साचलेल्या तलावात त्यांची वीण होत नाही, म्हणून बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो आणि कॉमन कार्प तळ उकरतो. मरळ, मागूर, शिंगी यांसारखे स्थानिक मासे मात्र इथेच वाढतात, पहिल्या पावसात ओढ्यांतून, बांध्यांतून चढतात आणि स्वतःचे बीज स्वतःच पुरवतात. धीवर समाजाच्या घरी वर्षभर शिजतो तो हा बारीकसारीक मासा. व्यापाऱ्याच्या काट्यावर तो कधी नीट चढलाच नाही, म्हणून सरकारी आकडेवारीत तो कमी झालेलाही दिसला नाही.

दुसरी वाट आहे, हे अर्जुनी मोरगाव तालुक्याने दाखवले. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या धीवरांबरोबर आधी तलावांतल्या माशांची आणि वनस्पतींची स्थानिक माहिती गोळा केली. मग मच्छीमार संस्थांनी बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात तळाचा काही भाग नांगरला आणि पाऊस लागल्यावर दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती धानाच्या रोवणीसारख्या चिखलात लावल्या. स्थानिक मासे पुन्हा सोडले, गवत्याला बंदी केली. निमगावच्या शालू कोल्हे यांच्या पुढाकाराने बायकांचे गटही या कामात उतरले. आधीच्या काळात मासेमारीच्या संस्थेत बायकांना विचारत कोण होते? या कामाला सिमेंट लागले नाही, जेसीबी फारसा लागला नाही. कोणती वनस्पती कोणत्या खोलीला धरते आणि कोणता मासा तिच्यापाशी वीण करतो, हे माहीत असलेली माणसे लागली.

यावर पहिला आक्षेप असा की तलाव धानासाठी बांधले, मासे हा वरकड फायदा. उन्हाळी पाणी हवे तर खोली हवी, पाणकणसांचे लाड कशाला? आक्षेप निम्मा बरोबर आहे. धान वाळत असताना कुमुदाची फुले कोणी मोजत बसणार नाही. पण खोली आणि उथळपणा एकाच तलावात राहू शकतात. पाळीपासून अंतर सोडून मधला भाग खोल करायचा, येव्याच्या, म्हणजे पाणी येण्याच्या, बाजूचा उतार तसाच ठेवायचा. काठच्या वनस्पती येणारा गाळ तिथेच अडवतात, म्हणजे पुढच्या गाळ काढण्याचा खर्च वाचतो. सिंचनाच्या हिशेबातही त्या फुकट जात नाहीत. दुसरा आक्षेप वजनाचा: कार्प लवकर किलोचा होतो, मरळ नाही. खरे आहे. मात्र त्या किलोतून बीजाचा आणि खाद्याचा खर्च वजा करायला हवा, आणि मरळीला बाजारात कार्पपेक्षा चांगला भाव मिळतो हेही धरायला हवे. रोहू, कतला नकोतच असे कोणी म्हणत नाही. नको आहे तो तळ ओरबाडणारा मासा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. काही तलावांवर जीव लावून केलेले काम सहा हजार तलावांवर होणार कसे? सरकारला अंदाजपत्रक लागते, निविदा लागते, मोजमाप पुस्तिकेत लिहिता येईल असा आकडा लागतो. गाळाचे घनमीटर लिहिता येतात, पाळीच्या दगडी अस्तराचे चौरस मीटर लिहिता येतात, उगवलेली हायड्रिला कशी लिहायची? उत्तर एवढेच की मोजण्याची पद्धत कामाला शोधावी लागते, कामाने पद्धतीपुरते आकसायचे नसते. रोहयोत वृक्षलागवडीची जगलेली रोपे मोजून मजुरी देण्याची रीत आहेच. तसेच उथळ पट्ट्याचे क्षेत्र, नांगरलेला तळ आणि दुसऱ्या वर्षी टिकलेली लागवड हे तीन आकडे मोजता येण्यासारखे आहेत. ठेकेदाराचे काम पाळ, तुडूम आणि सांडव्यापाशी थांबावे. सांडवाही चढणीच्या माशाला ओलांडता येईल असा उतरता असावा, उभी काँक्रीटची भिंत नको. त्यापुढची लागवड आणि तिची मजुरी तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेकडे द्यावी, आणि 'काम पूर्ण' हा शेरा मार्चअखेर न मारता पहिल्या भरलेल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, पाळीबाहेरचे पाणी नितळ आहे की गढूळ हे पाहून आणि संस्थेच्या जाळ्यात काय आले ते नोंदवून मारावा.