म्हैसूरच्या क्षितिजावरची पाहुणी

गजबजलेल्या मंडी मोहल्ल्यातून मान वर केली, तर दिव्यांच्या झगमगाटात मोजकेच तारे दिसतात. पण याच म्हैसूरच्या दक्षिण क्षितिजावर दर हिवाळ्यात एक पाहुणी डोकावून जाते. तिचे नाव मोठा मॅगेलनी मेघ. नावात मेघ असला तरी हा ढग नव्हे. आपल्या आकाशगंगेची ही उपदीर्घिका सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षे दूर आहे.

सारा खेळ अक्षांशांचा! म्हैसुरात हा मेघ क्षितिजापासून जेमतेम ८ अंश वर चढतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीहूनही कमी. पुण्या-मुंबईत तो २ अंशही वर येत नाही आणि नागपुरात त्याचा मध्यभाग उगवतच नाही.

दक्षिणेकडच्या लोकांना तो पूर्वापार ठाऊक होता. १५१९ मध्ये निघालेल्या मॅगेलनच्या सफरीनंतर युरोपात त्याची माहिती पसरली. त्याच्या धाकट्या भावंडाने, लहान मॅगेलनी मेघाने, तर विश्व मोजायची फूटपट्टीच दिली. हार्वर्ड वेधशाळेत तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या, कानाने अधू असलेल्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये त्यातल्या २५ ताऱ्यांवरून दाखवून दिले, की ज्या ताऱ्याचे तेज सावकाश कमी-जास्त होते, तो मुळात अधिक तेजस्वी असतो. खरे तेज कळले की अंतर काढता येते. याच नियमावरून पुढे एडविन हबल यांनी इतर दीर्घिकांची अंतरे मोजली. पण तोवर, १९२१ मध्ये, लेव्हिट निवर्तल्या होत्या.

२४ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मेघात एका ताऱ्याचा स्फोट झालेला दिसला. तमिळनाडूतली कावलूर वेधशाळा जवळपास म्हैसूरच्याच अक्षांशावर. क्षितिजालगतच्या त्या ताऱ्याचे वर्णपट तिथल्या शास्त्रज्ञांनी चिकाटीने टिपले. माणूस शिकारीवर जगत होता, त्या काळी निघालेला तो प्रकाश होता!

म्हैसूरकरांनो, हा मेघ पाहायचाय? मग जानेवारीच्या मध्यास, चांदणे नसलेल्या रात्री, दहाच्या सुमारास शहराबाहेर जा. दक्षिणेकडे डोंगर-झाडांचा आडोसा नको. आधी अगस्तीचा ठळक तारा शोधा. हात लांब करून त्याच्याखाली जवळजवळ एक वीत, किंचित उजवीकडे पाहा. धुरकट हवा नसेल, तर दुर्बिणीतून पुसट डाग दिसू शकेल. मोहल्ल्यातल्या गच्चीवरून मात्र हे जमणे कठीण. पाहुणी येते खरी, पण आपल्याच दिव्यांनी तिची वाट अडवली आहे.