भंडाऱ्याकडील गोंडी

भंडारा म्हटलें कीं पितळी भांडीं आणि तलाव आठवतात. त्याच जिल्ह्यांत गोंडी बोलणारीं घरें आहेत, हें शहरवासीयांस क्वचितच ठाऊक असतें. आणि ज्यांच्या कानांवर ती पडते, ते तिला ‘रानांतली मराठी’ म्हणून मोकळे होतात.

हा समज साफ चुकीचा आहे. ग्रीअर्सनसाहेबांच्या भाषापाहणींत गोंडीला स्थान मिळालें तें मराठीच्या खंडांत नव्हे, तर १९०६ सालच्या चौथ्या खंडांत, द्राविडी भाषांच्या पंक्तींत. पुरावा साधा आहे. दोन, तीन, चार यांस गोंडींत ‘रंड, मुंड, नालुंग’ म्हणतात. तेलुगूंत ‘रेंडु, मूडु, नालुगु’. झाड म्हणजे गोंडींत ‘मरा’, कानडींत ‘मर’. व्याकरण तर अधिकच निराळें. लिंगें दोनच: पुरुष एकीकडे, स्त्री, बैल, दगड सारीं दुसरीकडे. गृहिणींनीं रुसूं नये. तेलुगूंतहि एकवचनीं हाच न्याय आहे! उलट मराठींतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद संस्कृतांत नाहीं. तो द्राविडी शेजाराचा प्रसाद, असें अनेक भाषापंडित मानतात.

गोंड स्वतःस ‘कोयतुर’ म्हणवितात. त्यांची वस्ती सातपुड्यापासून गोदावरीपलीकडे पसरलेली असल्यानें बोलीहि अनेक झाल्या. मिठाचा शब्द घ्या. उत्तरेकडे ‘सोवर’, दक्षिणेकडे ‘होवर’, आणि माडियांच्या मुलखांत ‘ओवर’. ‘स’चा ‘ह’ झाला आणि पुढें तोहि गळाला. दोन टोकांचे गोंड भेटले तर एकमेकांचें बोलणें त्यांस धड समजत नाहीं.

२०११ च्या जनगणनेंत गोंडी बोलणारे २९,८४,४५३ होते. मणिपुरी बोलणारे याहून पुष्कळ कमी. तरी तिला १९९२ सालींच राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत जागा मिळाली, गोंडीस अद्याप नाहीं. लिपीचा अभाव हें कारणहि पुढें करतां येत नाहीं. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यांतील मंगलसिंग मसराम यांनीं १९१८ सालीं गोंडीसाठीं स्वतंत्र लिपी रचली होती.

खरा घाला पडतो तो शाळेंत. भंडाऱ्याकडे बाजार, कचेरी आणि वर्ग या सर्वांची भाषा मराठी. म्हणून आजी गोंडींत विचारते आणि नातू मराठींत उत्तर देतो. आणखी एका पिढीनें विचारणारेंहि कोणी उरत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती याच भयानें.