रिसाला, पलटण, तोफखाना

आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

झालं असं, की पीएल चालू होती आणि अभ्यास टाळायला मी पॉडकास्ट ऐकत पडलो होतो. (अभ्यास टाळण्यात आमचा मजला डिस्टिंक्शनमध्ये आहे.) एक निवृत्त फौजी अधिकारी कुमाऊँ रेजिमेंटचा इतिहास सांगत होते. ३ नोव्हेंबर १९४७, बडगाम. ४ कुमाऊँचे मेजर सोमनाथ शर्मा हाताला प्लॅस्टर असतानाही लढले, पडले, आणि देशातलं पहिलं परमवीर चक्र त्यांना मिळालं. अंगावर काटा आला. मग ते मागे मागे जात म्हणाले की ही पलटण मूळची हैदराबादकडची, आणि त्या फौजेची एक छावणी होती हिंगोली.

मी इअरफोन काढला. रूममेट हिंगोलीचा. "तुमच्याकडे छावणी होती?" तर म्हणतो, "होती म्हणजे? रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार... ही नावं काय आभाळातून पडली?"

रिसाला म्हणजे घोडदळ, पलटण म्हणजे पायदळ. पेन्शनपुरा सांगायलाच नको. अख्खी छावणी मोहल्ल्यांच्या नावांत शिल्लक आहे, आणि १ मे १९९९ पर्यंत हिंगोली आपल्या परभणी जिल्ह्यातच होती!

आता थोडा हिशोब. निजामाच्या पदरी पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, अशी ही हैदराबाद कंटिंजंट. तिचा खर्च निजामाला झेपेना, कर्ज चढलं आणि १८५३ साली त्यापायी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०३ मध्ये ती इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली, १९२२ मध्ये १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि तोवर भरती उत्तरेकडून होऊ लागल्याने १९४५ मध्ये नाव पडलं कुमाऊँ. मुख्यालय आज रानीखेतला. सॉफ्टवेअरची व्हर्जन्स बदलावीत तसं नाव बदलत गेलं, जुना कोड मात्र आत तसाच.

अशी व्याख्यानं ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. शौर्यकथा सावकाश, रंगवून सांगतात. पण 'बॅटल ऑनर्स', म्हणजे जिंकलेल्या लढायांचे मान, यादीसारखे भराभर वाचतात. त्या जुन्या यादीत महिदपूर आहे, १८१७ चं. समोर कोण होतं? होळकरांची फौज. आणि एक नाव साहेबांनी 'नोवाह' असं काहीतरी उच्चारलं आणि पुढे गेले.

रूममेट उठून बसला. "अरे, हे नव्हा! नौसाजी नाईकांचं नव्हा!"

हिंगोली-नांदेड पट्ट्यातल्या नव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईक हटकर निजामाविरुद्ध उभे राहिले. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या फौजेने तिला वेढा घातला आणि महिना संपताना गढी पडली. त्याच विजयाचा मान पलटणीला मिळाला. आणि रूममेटच्या आजोळी नौसाजी नाईकांचं नाव आजही हात जोडून घेतात.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे बडगामचा अभिमान बाळगायचा की नव्ह्याचं वाईट वाटून घ्यायचं?" मला उत्तर सुचलं नाही. मला स्वतःला तरी दोन्ही वाटतं. सोमनाथ शर्मांच्या वेळी सैन्य स्वतंत्र देशाचं होतं, १८१९ मध्ये नव्हतं. शिवाय गढीला वेढा घालणारे शिपाईही हिंदीच होते, त्यांच्या घरचे त्यांची वाट बघत असणार. वक्त्यांवर माझा राग नाही, पण त्या एका शब्दावर त्यांनी दोन मिनिटं थांबायला हवं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं फोनचा रेकॉर्डर घेऊन पेन्शनपुऱ्यात जाणार आहोत. तिथल्या एका आजोबांना फोन केला तर त्यांनी अट घातलीय, आधी जेवायचं, मग विचारायचं.