ग्लायडर शेतात उतरतं तेव्हा

शेतात ग्लायडर उतरलेलं दिसलं की लोकांना अपघात झाला असं वाटतं. इंग्लंडमध्ये लांब पल्ल्याची उड्डाणं करणाऱ्यांना मात्र हे नेहमीचंच. वर नेणारी गरम हवा संपली की खाली यावंच लागतं, आणि इंजिन नसल्यामुळे उतरणं चुकलं तर पुन्हा वर जाता येत नाही. म्हणून साधारण २००० फुटांवर परिसर हेरायचा, १५०० फुटांवर शेत नक्की करायचं आणि १००० फुटांच्या आसपास उतरण्याची फेरी सुरू करायची. ‘अजून थोडं पुढे जाऊन बघू’ हा मोह घातक.

ऑगस्टमध्ये गहू-जव कापून झालेलं, नुसती धसकटं उरलेलं रान सर्वांत चांगलं. उंच पिकात पंखाचं टोक अडकलं तर विमान गर्रकन फिरतं आणि शेपूट मोडू शकते. उतार वरून सपाटच भासतो. जो नजरेत भरतो तो चांगलाच तीव्र असतो. अशा शेतात चढाच्या दिशेनेच उतरायचं, वारा पाठीमागून असला तरी. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब शोधायचे. गुरांचं कुरण शक्यतो टाळायचं. गाईंना नव्या वस्तूचं भारी कुतूहल. त्या विमान चाटतात, अंग घासतात, आणि नाजूक पंखांची वाट लागते.

उतरल्यावर आधी शेतकऱ्याला गाठून सांगायचं. मग सोबती ट्रेलर घेऊन येतात, पंख काढून विमान त्यात भरतात. जाताना फाटक लावून घ्यायला विसरायचं नाही.