मावशी म्हणावे की मालकीण?

ऊस नोंदीच्या कामासाठी कार्यालयात आलेल्या एका सभासदाने मध्यंतरी आम्हांस विचारले, "साहेब, हे ओ-पेअर म्हणजे काय भानगड आहे? नागपूरले शिकणारी पोरगी म्हणते, एक वर्ष जर्मनीले जातो. लेकरं सांभाळाची, राहणं-खाणं फुकट, वरून पैसे." मग थोडे थांबून त्याने मनातली खरी शंका बोलून दाखविली. लोक म्हणतील, पोरीला मोलकरीण करून परदेशी धाडली. ही शंका एकट्याची नसणार, म्हणून आम्ही चौकशी केली. ती सर्व सभासद बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावी.

शब्द फ्रेंच आहे. अर्थ साधा : बरोबरीने. परक्या देशातील कुटुंबात बरोबरीच्या नात्याने राहायचे, त्यांची मुले सांभाळायला हातभार लावायचा, आणि त्या बदल्यात तिथली भाषा व रीतभात शिकायची. युरोपातील देशांनी २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबूर्ग येथे याविषयी एक करार तयार केला. त्यात म्हटले आहे की अशी मुलगी धड विद्यार्थिनीही नव्हे आणि धड कामगारही नव्हे. दोन्हींची लक्षणे असलेला हा तिसराच वर्ग आहे. वाचायला छान वाटते, पण सारा घोळ इथेच आहे. घरातली म्हणावी तर कामाचे तास कोण मोजणार? आणि कामाची म्हणावी तर मग बरोबरी कुठे राहिली?

आता तिथला दिवस कसा असतो ते बघा. सकाळी लवकर उठून मुलांना उठवायचे, न्याहारी द्यायची, डब्यात पाव, चीज, काकडी, सफरचंदाच्या फोडी भरायच्या, धाकट्याला बालवाडीत पोचवायचे. डिसेंबरात तिकडे आठ वाजेपर्यंत उजाडत नाही आणि दुपारी साडेचारला अंधार. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचे ऊन सोसणारी आपली नागपूरकर मुलगी त्या अंधाराला मात्र कंटाळते. मुले घराबाहेर गेली की त्यांची खोली आवरायची, कपडे घडी करायचे, मग भाषेचा वर्ग. दुपारनंतर पुन्हा मुले. रात्रीचे जेवण बहुधा थंडच : पाव, लोणी, चीज. गरम वरणभाताची आठवण येते ती याच वेळी. कचऱ्याचे डबे वेगवेगळे. कागद कशात, काच कशात हे चुकले तर शेजारी येऊन सांगतात. रविवारी दुकाने बंद, आणि आवाज होईल असे कोणतेही काम नाही. आईशी बोलायचे तर हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर. रात्री नऊला मोकळी झाली तर नागपुरात दीड वाजलेला.

पण नुसते रडगाणे गाऊ नये. ११ नोव्हेंबरला तिकडची लहान मुले संध्याकाळी कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने फिरतात. आपली दिवाळी नुकतीच आटोपलेली असते, आणि मुलांबरोबर कंदील चिकटवताना हात आपोआप आकाशकंदिलाच्या सवयीने चालतात. आपल्या वाचकांसाठी आणखी एक गंमत : ती ज्या साखरेचा चहा पिते ती उसाची नसून बीटच्या कंदाची. बीटमध्ये साखर असते हे १७४७ साली बर्लिनच्या मार्गग्राफ यांनी दाखविले. तिकडचा गळीत हंगाम सप्टेंबरपासून साधारण जानेवारीपर्यंत चालतो आणि तिथल्या मोठ्या साखर कंपन्यांत बीट उत्पादकांचीच मोठी मालकी आहे. बँकांच्या पाट्यांवर राइफायझन हे नाव दिसते. ते त्याच गृहस्थाचे, ज्याच्या पतपेढ्यांच्या नमुन्यावर आपल्याकडे १९०४ चा सहकारी कायदा आला. म्हणजे सभासदाची मुलगी तिकडे अगदीच परक्या गावी जात नाही!

खरी अडचण नात्याच्या शब्दाची आहे. आपल्याकडे ज्या घरी जेवलो त्या घरच्या बाईला काकू, मावशी, वहिनी असे काहीतरी म्हणतोच. तिकडे चाळिशीच्या बाप्यालाही नावाने हाक मारायची आणि 'तू' म्हणायचे. त्यांच्या भाषेतही 'तू' आणि 'तुम्ही' आहेत, आणि 'तू' म्हणणे ही जवळिकीचीच खूण. पण आपली मुलगी सुरुवातीला त्या एका शब्दाला अडखळते. मावशी नाही, मालकीणही नाही, मग ही बाई आपली कोण?

मराठी मुलीने याचे उत्तर शोधले त्याला एकशेचाळीस वर्षे होऊन गेली. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. त्या काही मुले सांभाळायला गेल्या नव्हत्या, डॉक्टर व्हायला गेल्या होत्या. पण कॉलेज सुरू होईपर्यंतचा तो उन्हाळा त्यांनी न्यूजर्सीतील रोझेल गावी, थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या घरी काढला. दोघींची ओळख आधी केवळ पत्रांतली. घरच्या कामात हात लावणे, मुलींत मिसळणे, आपले जेवण रांधून घालणे, हे सारे तिथे झाले. मांसाहार केला नाही; लुगडे सोडले नाही, थंडीसाठी नेसण्याची गुजराती पद्धत तेवढी घेतली. आणि कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि त्यांनी पकिप्सी येथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत त्या ठेवल्या.

असे घर मिळणे हा नशिबाचा भाग, आणि त्याच काळातली दुसरी बाजूही विसरू नये. साहेबांची मुले सांभाळत हिंदुस्थानातून विलायतेला गेलेल्या कितीतरी आयांना तिकडे पोचल्यावर परतीच्या तिकिटाविना सोडून देण्यात आले. अशांसाठी लंडनमध्ये आयांचे वसतिगृह होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते हॅकनी भागात होते, आणि २०२२ साली त्या इमारतीवर स्मारकाची निळी पाटी लागली. त्या बायांनाही 'घरातलीच' म्हटले जाई. तोंडी शब्द होता, कागद नव्हता.

कागदाचे महत्त्व आपल्या सभासदाला सांगायला नको. नोंदीचा कागद आणि काट्याची पावती नसेल तर उसाचे काय होते हे तो जाणतो. जर्मनीतील हल्लीचे नियम असे : दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त काम नाही, रात्री मुलांजवळ बसणे त्यातच धरायचे. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा, स्वतंत्र खोली, विमा कुटुंबाने काढायचा. हातखर्चाला दरमहा २८० युरो, आणि भाषेच्या वर्गासाठी ७० युरोपर्यंत वेगळे. मुक्काम सहा महिने ते एक वर्ष, आणि संधी एकदाच. जाण्यायेण्याचा खर्च सहसा आपलाच. जमले नाही तर दोन आठवड्यांची सूचना देऊन कुटुंब बदलता येते. तेव्हा लेखी कराराची एक प्रत घरी ठेवावी, आणि मूळ पासपोर्ट दलालाच्या किंवा कोणाच्याही हाती देऊ नये. 'ओळखीच्या मराठी कुटुंबाकडेच पाठवू' असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. तो बहुधा चालत नाही. घरची भाषा जर्मन हवी, आणि यजमान आपल्याच देशाचे किंवा नात्यातले नसावेत.

'लोक काय म्हणतील' याविषयी आमचे मत विचाराल तर ऐका. तिकडे सहा तास मोजून काम करणारी मुलगी घरी आठवण काढते ती आपल्या कामवाली बाईची. तिचा कप वेगळा, तिचे तास कोणी लिहिले नाहीत, सणाला रजा मागितली तर आपली तोंडे वाकडी. आणि उसाच्या फडावर धाकट्या भावंडांना सांभाळत बसलेली दहा वर्षांची पोर कोणत्या वर्गात मोडते, हे स्ट्रासबूर्गच्या करारात शोधून सापडणार नाही. मोलकरीण या शब्दाची लाज वाटते ती त्या कामाची, की आपण ते कसे करून घेतो त्याची? हे ज्याचे त्याने आपल्या स्वयंपाकघरात बघावे.

आता वर्ष संपल्यावर काय, हे आधीच ठरवावे. या एका वर्षाने नोकरी लागत नाही, तसा दाखलाही नसतो. पदरी पडते ती भाषा, तीही वर्ग बुडवला नाही तर. पुढे तिथेच नर्सिंगसारखे पगारी प्रशिक्षण घेता येते, पण त्याला बी-१ किंवा बी-२ पातळीचे जर्मन लागते. जाण्यापूर्वी निदान ए-१ हवे, आणि अर्जाच्या वेळी वय सत्तावीसच्या आत. भाषेची परीक्षा मुंबईच्या किंवा पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात देता येते. व्हिसाचे काम महाराष्ट्रापुरते मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या अखत्यारीत येते. तेव्हा विदर्भ एक्सप्रेसने दोनतीन खेपा होतील हे धरून चालावे, आणि पहिल्या खेपेला आईलाही बरोबर न्यावे.